छद्म-टर्मिनल आणि युनिक्सची एकरूपता : स्टीव्हन्स यांच्या एकोणिसाव्या अध्यायाची चिकित्सा

बीजसंज्ञा : युनिक्स, टर्मिनल, छद्म-टर्मिनल, प्रणाली-प्रोग्रामिंग, संगणकशास्त्राचे अध्यापन

१. प्रास्ताविक

डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स (१९५१–१९९९) यांचा ‘ॲडव्हान्स्ड प्रोग्रामिंग इन द युनिक्स एन्व्हायर्न्मेंट’ हा ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकाच्या निधनानंतर स्टीफन रागो यांनी त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्त्या अनुक्रमे २००५ व २०१३ मध्ये सिद्ध केल्या. या ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय ‘स्यूडो टर्मिनल’ या विषयाला वाहिलेला आहे. पहिल्या आवृत्तीत त्याच्या आधीचा, म्हणजे अठरावा अध्याय मोडेमद्वारे दूरध्वनी जोडणाऱ्या आज्ञावलीचा होता. दुसऱ्या आवृत्तीत तो वगळण्यात आला. स्यूडो टर्मिनलचा अध्याय मात्र तीनही आवृत्त्यांत टिकला, आणि त्याचा क्रमांकही बदलला नाही. प्रत्यक्षात असलेल्या यंत्रावरील प्रकरण कालबाह्य ठरावे आणि प्रत्यक्षात नसलेल्या यंत्रावरील प्रकरण टिकून राहावे, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

प्रस्तुत लेखात या अध्यायाची चिकित्सा केली आहे. अध्यायाची मांडणी उत्तम आहे, परंतु त्यातील सामग्री ज्या निष्कर्षाकडे बोट दाखवते तो निष्कर्ष अध्याय स्पष्ट शब्दांत मांडत नाही, असे येथील प्रतिपादन आहे. सर्व काही फाइल आहे आणि आज्ञावलीने पलीकडे कोण आहे याची चौकशी करू नये, हे युनिक्सचे तत्त्व अपूर्ण आहे, हा तो निष्कर्ष होय. छद्म-टर्मिनल ही त्या अपूर्णतेची कबुली आहे. ती तशी न वाचता केवळ कृतींचा क्रम म्हणून शिकवली गेली, तर विद्यार्थ्याच्या हाती पाठांतर येते, समज येत नाही.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘स्यूडो’ या शब्दासाठी मराठीत ‘आभासी’, ‘मिथ्या’ व ‘छद्म’ असे पर्याय सुचतात. ‘आभासी’ हा शब्द संगणकाच्या परिभाषेत ‘व्हर्च्युअल’साठी रूढ झाला आहे. ‘मिथ्या’ म्हणावे तर ही वस्तू खोटी नाही, ती काम करते. ‘छद्म’ या शब्दात वेषांतराचा जो अर्थ आहे तोच येथे अभिप्रेत असल्याने लेखात ‘छद्म-टर्मिनल’ ही संज्ञा योजली आहे.

२. टर्मिनल : यंत्र गेले, वळण राहिले

युनिक्सची उभारणी १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झाली, तेव्हा माणूस व संगणक यांच्यातील संवादाचे साधन टेलिटाइप हे होते. कळफलक आणि कागदावर छापणारे यंत्र असे त्याचे स्वरूप असे. ‘मॉडेल ३३’ या प्रसिद्ध टेलिटाइपचा वेग सेकंदाला दहा अक्षरे इतकाच होता. कागदावर उमटलेले अक्षर पुसता येत नसे. म्हणून प्रारंभीच्या युनिक्समध्ये चुकलेले अक्षर रद्द करण्यासाठी ‘#’ आणि संपूर्ण ओळ रद्द करण्यासाठी ‘@’ ही चिन्हे ठरवलेली होती. चूक कागदावर तशीच राही, संगणकापुरती ती रद्द होई. आजही टर्मिनलशी संबंधित उपकरणे व आज्ञा यांच्या नावांत जे ‘टीटीवाय’ आढळते, ते या टेलिटाइपचेच लघुरूप आहे.

या यंत्राशी बोलताना काही कामे प्रत्येक आज्ञावलीला करावी लागली असती. दाबलेले अक्षर परत छापून दाखवणे, ओळ पूर्ण होईपर्यंत दुरुस्तीची मुभा देणे, ओळीच्या शेवटी छपाईचे मुंडके डावीकडे नेणे आणि विशिष्ट कळ दाबल्यावर चालू काम थांबवणे ही ती कामे होत. युनिक्सने ती कर्नलमधील एका स्वतंत्र थराकडे सोपवली. या थरास ‘लाइन डिसिप्लिन’ म्हणतात. कंट्रोल-सी दाबताच आज्ञावली थांबते ती या थरामुळे. ती कळ आज्ञावलीपर्यंत अक्षर म्हणून पोहोचतच नाही, तिचे रूपांतर कर्नल ‘सिग्नल’मध्ये करतो.

टेलिटाइप गेले, त्याजागी पडद्याची टर्मिनले आली आणि नंतर तीही गेली. लाइन डिसिप्लिन मात्र राहिली, कारण तिच्यावर विसंबून असंख्य आज्ञावल्या लिहिल्या गेल्या होत्या. जाळ्यावरून दूरच्या संगणकात प्रवेश करण्याची सोय आली, तेव्हा अडचण उभी राहिली. दूरच्या संगणकाला ना टर्मिनल जोडलेले, ना त्याची तार, आणि आज्ञावल्यांना तर टर्मिनलच हवे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीतील दूरस्थ लॉगिनची सोय ज्या उपायावर उभी होती, तो उपाय म्हणजे छद्म-टर्मिनल.

३. रचना

छद्म-टर्मिनलला दोन टोके असतात. परंपरेने त्यांना ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’ म्हटले जाते. २०२४ च्या पोझिक्स मानकाने या शब्दांऐवजी ‘मॅनेजर’ व ‘सब्सिडिअरी’ हे शब्द स्वीकारले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांना ‘नियंत्रक टोक’ व ‘टर्मिनल टोक’ असे म्हटले आहे. टर्मिनल टोकाशी जोडलेल्या आज्ञावलीला आपण खऱ्या टर्मिनलशी बोलत आहोत असेच वाटते. नियंत्रक टोकावर दुसरी आज्ञावली बसलेली असते. ती जे लिहील ते कळफलकावरून आल्यासारखे पलीकडे पोहोचते, आणि पलीकडची आज्ञावली जे छापील ते तिला वाचायला मिळते. मध्ये लाइन डिसिप्लिन आपले नेहमीचे काम करीत असते. पाइप आणि छद्म-टर्मिनल यांतील मुख्य भेद येथेच आहे. पाइप बाइट जसेच्या तसे वाहून नेतो, तर छद्म-टर्मिनल टर्मिनलच्या सर्व सवयींसह वाहून नेते.

बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन दारात येतो तेव्हा तो बहुरूपी आहे हे घरच्यांना ठाऊक असते, आणि म्हणून त्याचे कौतुक होते. छद्म-टर्मिनलच्या बाबतीत स्थिती उलट आहे. पलीकडच्या आज्ञावलीला वेषांतराची कल्पना नसणे हीच त्याच्या यशाची अट आहे. सुरक्षित दूरस्थ प्रवेश देणारी एसएसएच, खिडकीत चालणारे टर्मिनल आणि संपूर्ण सत्राची नोंद ठेवणारी ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा या अटीवरच चालतात.

४. अध्यायाचे बलस्थान

स्टीव्हन्स यांच्या लेखनाचा मोठा गुण असा, की ते कोणतीही संकल्पना चालत्या आज्ञावलीशिवाय मांडत नाहीत. छद्म-टर्मिनलची गरज ते व्याख्येतून पटवत नाहीत. आधीच्या एका प्रकरणात अडलेल्या उदाहरणाकडे ते परत जातात.

ते उदाहरण दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या एका लहान आज्ञावलीचे आहे. मुख्य आज्ञावली पाइपमधून तिला दोन संख्या देते आणि दुसऱ्या पाइपमधून उत्तर घेते. बेरीज करणारी आज्ञावली थेट प्रणाली-हाकांनी लिहिली असेल तर सर्व सुरळीत चालते. तीच सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयातील फलनांनी लिहिली, की दोन्ही आज्ञावल्या गोठतात. समोर टर्मिनल असेल तर हे ग्रंथालय प्रत्येक ओळ लगेच बाहेर सोडते, आणि समोर पाइप असेल तर काही हजार अक्षरे साठेपर्यंत थांबते. बेरीज झालेली असते, परंतु उत्तर साठ्यात पडून राहते आणि आज्ञावली पुढील संख्यांची वाट पाहते. मुख्य आज्ञावली उत्तराची वाट पाहते. दोघींपैकी कोणीही चुकलेले नसते, तरी काम पुढे सरकत नाही.

एकोणिसाव्या अध्यायात स्टीव्हन्स ‘पीटीवाय’ नावाची आज्ञावली रचतात आणि बेरीज करणाऱ्या आज्ञावलीला छद्म-टर्मिनलच्या मागे बसवतात. समोर टर्मिनल आहे असे वाटल्याने ती प्रत्येक उत्तर लगेच देते. तिच्यातील एकही ओळ बदलावी लागत नाही. मात्र वेषाबरोबर वेषाच्या सवयीही येतात. टर्मिनल आलेले अक्षर परत दाखवते, त्यामुळे मुख्य आज्ञावलीला उत्तराआधी स्वतःच पाठवलेल्या संख्या वाचायला मिळतील. म्हणून प्रतिध्वनी बंद करण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि त्याबरोबरच ओळीच्या शेवटी जादा चिन्ह घालण्याची सवयही बंद करावी लागते. एका अडचणीवरील उपायातून दुसरी अडचण कशी जन्मते, हे इतक्या थोड्या ओळींत दाखवणारे उदाहरण पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

५. न उच्चारलेला निष्कर्ष

या उदाहरणाचा अर्थ काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. युनिक्सविषयी लिहिताना असे सांगितले जाते की फाइल, उपकरण व पाइप यांचे वाचन-लेखन एकाच पद्धतीने होते, आणि आज्ञावलीला पलीकडे काय आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. लहान आज्ञावल्या पाइपने जोडून मोठे काम करण्याची शैली या तत्त्वावर उभी आहे. बेरजेच्या उदाहरणात मात्र ग्रंथालयाने पलीकडे काय आहे याची चौकशी केली आणि उत्तरानुसार वर्तन बदलले. ही चौकशी ‘इझअटीटीवाय’ या फलनाने कोणत्याही आज्ञावलीला करता येते. काही आज्ञावल्या याच्याही पुढे जातात. परवलीचा शब्द विचारणाऱ्या आज्ञावल्या सामान्यतः प्रमाणित निवेशाकडे पाहतच नाहीत, त्या थेट ‘/डेव्ह/टीटीवाय’ उघडतात. पाइपमधून शब्द पाठवण्याचा प्रयत्न त्यामुळे निष्फळ ठरतो.

तत्त्व खरोखर सार्वत्रिक असते तर छद्म-टर्मिनलची गरज इतकी भासली नसती. पाइपच पुरेसा झाला असता. स्टीव्हन्स यांच्या अध्यायातील जवळजवळ प्रत्येक उदाहरण हे दाखवते, परंतु अध्याय त्याला ‘उपयोग’ म्हणतो, ‘पुरावा’ म्हणत नाही. दूरस्थ लॉगिन, सत्राची नोंद, संवादी आज्ञावल्यांचे स्वयंचालन व सहप्रक्रिया ही उपयोगांची यादी म्हणून येते. या सर्वांमागे एकच कारण आहे, हे सूत्र वाचकाने स्वतः शोधायचे असते.

अर्थात चौकशी करणे म्हणजे केवळ तत्त्वभंग, असे म्हणणे एकांगी ठरेल. फाइलींची यादी देणारी ‘एलएस’ ही आज्ञा टर्मिनलवर नावे स्तंभांत मांडते आणि पाइपमध्ये एकेका ओळीत एकेक नाव देते. ही दुहेरी वागणूक माणसाला व पुढील आज्ञावलीला सारखीच सोयीची आहे. माणूस व आज्ञावली या दोन भिन्न वाचकांच्या गरजा भिन्न असतात, हे वास्तव एकरूपतेच्या तत्त्वात मावत नाही. तेव्हा प्रश्न आज्ञावल्यांच्या शिस्तीचा कमी आणि तत्त्वाच्या मर्यादेचा अधिक आहे.

या दृष्टीने डॉन लिब्ज यांच्या कार्याची तुलना उद्बोधक ठरते. त्यांनी १९९० मध्ये ‘एक्सपेक्ट’ हे साधन मांडले, आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९९४ मध्ये आला. छद्म-टर्मिनल एक्सपेक्टच्या तळाशी असते, परंतु वापरणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला दिसतो तो संवाद : अमुक प्रश्न येईल, तो आल्यास अमुक उत्तर द्यावे, ठरावीक वेळेत न आल्यास अमुक करावे. संवादी आज्ञावली माणसासाठी लिहिलेली असते आणि तिला माणसासारखेच सामोरे जावे लागते, हे लिब्ज यांनी गृहीत धरले. स्टीव्हन्स उपकरण समजावून सांगतात, लिब्ज त्या उपकरणामागील परिस्थिती समजावून सांगतात.

६. विधी आणि अर्थ

छद्म-टर्मिनल उघडण्याची कृती आज बरीचशी स्थिरावली आहे. ‘पोझिक्स_ओपनपीटी’ने नियंत्रक टोक मिळवावे, ‘ग्रँटपीटी’ने मालकी द्यावी, ‘अनलॉकपीटी’ने कुलूप काढावे, ‘पीटीएसनेम’ने दुसऱ्या टोकाचे नाव विचारावे. मग ‘फोर्क’ने नवी प्रक्रिया निर्माण करावी. तिने ‘सेटसिड’ने नवे सत्र सुरू करावे, टर्मिनल टोक उघडावे आणि ‘डप२’ने ते आपल्या प्रमाणित निवेश, निर्गम व त्रुटी या तिन्ही ठिकाणी बसवावे.

ही पायरीमाला विधीसारखी पाठ होते, आणि धोका तेथेच आहे. प्रत्येक पायरीमागे इतिहासातील एक अडचण आहे. जुन्या बीएसडीत नियंत्रक टोक मिळवण्यासाठी ‘/डेव्ह/पीटीवायपी०’पासून एकेक नाव उघडून पाहावे लागे. टर्मिनल टोकाची मालकी बदलणे तर मूळ-वापरकर्त्याचे अधिकार असल्याखेरीज शक्य नसे. सिस्टिम व्हीच्या चौथ्या आवृत्तीत ‘ग्रँटपीटी’ हे काम विशेषाधिकार असलेल्या एका स्वतंत्र आज्ञावलीकडून करवून घेई. आजच्या लिनक्समध्ये मालकी व परवानग्या ‘डेव्हपीटीएस’ ही फाइलप्रणाली टोक निर्माण होतानाच ठरवते. ‘ग्रँटपीटी’ला तेथे प्रत्यक्षात फारसे काम उरत नाही, तरी सर्व प्रणालींवर चालावी अशा आज्ञावलीत ते लिहावेच लागते.

‘सेटसिड’चे तसे नाही. ते वगळले तर नवी प्रक्रिया जुन्या सत्रातच राहते, छद्म-टर्मिनल तिचे नियंत्रक टर्मिनल होत नाही, आणि त्यावर पाठवलेली कंट्रोल-सी तिला थांबवू शकत नाही. एक पायरी परंपरेने उरलेली आणि दुसरी अपरिहार्य, असा भेद विद्यार्थ्याला करता आला पाहिजे. स्टीव्हन्स यांची पहिली आवृत्ती दोन युनिक्स-परंपरांची अंमलबजावणी शेजारी शेजारी ठेवते, त्यामुळे हा भेद दिसण्याची सोय तिच्यात अधिक आहे. मानकीकरणामुळे नंतरची मांडणी सुटसुटीत झाली, परंतु पायऱ्यांमागील कारणे त्या प्रमाणात मागे पडली.

मायकेल केरिस्क यांच्या ‘द लिनक्स प्रोग्रामिंग इंटरफेस’ (२०१०) या ग्रंथाचा चौसष्टावा अध्याय याच विषयावर आहे. स्टीव्हन्स दोन्ही दिशांची वाहतूक दोन प्रक्रियांत विभागतात. केरिस्क यांची ‘स्क्रिप्ट’ची आज्ञावली ‘सिलेक्ट’ वापरून ती एकाच प्रक्रियेत सांभाळते, त्यामुळे समाप्तीच्या वेळी दोन प्रक्रियांनी एकमेकींना कळवण्याची गुंतागुंत टळते. टर्मिनल टोक बंद झाल्यावर नियंत्रक टोकावरील वाचनाला लिनक्स त्रुटी देतो आणि इतर काही प्रणाली फाइल-समाप्ती दाखवतात, यांसारखे प्रणालीनिहाय भेदही केरिस्क नोंदवतात. तपशिलाच्या बाबतीत त्यांचा अध्याय निश्चितच पुढे आहे. मूळ प्रश्नाच्या बाबतीत मात्र तोही स्टीव्हन्स यांच्याच चौकटीत राहतो.

७. सुरक्षेची बाजू

वेषांतराची किंमत सर्वांत स्पष्टपणे दिसते ती सुरक्षेच्या क्षेत्रात. टर्मिनलच्या निवेशात जणू कळफलकावरूनच आले आहे अशा रीतीने अक्षर घुसवण्याची ‘टीआयओसीएसटीआय’ नावाची सोय युनिक्समध्ये दीर्घकाळ आहे. मूळ-वापरकर्त्याने आपल्या टर्मिनलवरून कमी अधिकाराच्या वापरकर्त्याची आज्ञावली चालवली, तर ती आज्ञावली या सोयीने टर्मिनलमध्ये एखादी आज्ञा घुसवू शकते. ती आज्ञावली संपताच मूळ-वापरकर्त्याचे शेल ती आज्ञा वाचते आणि पूर्ण अधिकारानिशी पार पाडते. आज्ञा माणसाने दिली की आज्ञावलीने, हे ओळखण्याचा मार्ग शेलपाशी नसतो. माहिती आणि आज्ञा एकाच वाटेने येऊ देण्याचा हा परिणाम आहे.

ओपनबीएसडीने ही सोय २०१७ मध्ये काढून टाकली. लिनक्सने २०२३ च्या ६.२ आवृत्तीपासून ती बंद ठेवण्याची व्यवस्था दिली. ‘सुडो’ने त्याच वर्षीच्या १.९.१४ आवृत्तीपासून प्रत्येक आज्ञा स्वतंत्र छद्म-टर्मिनलमध्ये चालवणे हे मूलभूत वर्तन केले. या शेवटच्या उपायात छद्म-टर्मिनल कुंपणाचे काम करते. जे साधन जुन्या आज्ञावल्यांना फसवण्यासाठी निर्माण झाले, त्याचाच उपयोग नव्या आज्ञावल्यांना वेगळे ठेवण्यासाठी होऊ लागला. स्टीव्हन्स यांच्या अध्यायातील सुरक्षाविचार प्रामुख्याने मालकी व परवानग्या यांच्याभोवती फिरतो. १९९२ च्या संदर्भात ते समजण्यासारखे आहे, परंतु आजच्या अध्यापनात ही उणीव शिक्षकाने भरून काढावयास हवी.

८. पर्यायांचा विचार

छद्म-टर्मिनल अटळ होते काय? बेल प्रयोगशाळेतच विकसित झालेल्या ‘प्लॅन ९’ या प्रणालीने याचे नकारार्थी उत्तर दिले. तेथे खिडकी-व्यवस्था प्रत्येक खिडकीतील आज्ञावलीला स्वतःची ‘/डेव्ह/कॉन्स’ ही फाइल पुरवते. ओळ दुरुस्त करण्याचे काम कर्नल करीत नाही, खिडकीच करते. वेष घेण्याची गरज उरत नाही, कारण मुळात टेलिटाइपच नाही. परंतु जुन्या आज्ञावल्यांचे ओझे नाकारण्याचे स्वातंत्र्य प्लॅन ९ ला होते, आणि तिचा प्रसार मर्यादित राहिला.

दुसरा पर्याय दुखणे मुळाशी बरे करण्याचा. २००९ मध्ये ग्नू कोअरयुटिल्समध्ये ‘एसटीडीबफ’ ही आज्ञा आली. ती प्रमाणित ग्रंथालयाच्या साठवणुकीची पद्धत बाहेरून बदलते, त्यामुळे बेरजेसारख्या उदाहरणात छद्म-टर्मिनल लागत नाही. तथापि आज्ञावली स्थिर रीतीने जोडलेली असेल किंवा साठवणुकीची व्यवस्था स्वतः करीत असेल, तर हा उपाय लागू पडत नाही.

तिसरे उदाहरण युनिक्सबाहेरचे आहे. विंडोजमध्ये कन्सोलची रचना वेगळी होती आणि छद्म-टर्मिनल नव्हते. तरीही २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ‘कॉनपीटीवाय’ या नावाने तशीच सोय दिली. टेलिटाइपचा वारसा नसलेल्या प्रणालीलाही या वळणावर यावे लागले. त्यावरून दिसते की येथे प्रश्न केवळ जुन्या यंत्राचा नाही. माणसासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीच्या हाती द्यावयाची झाली, की मध्ये कोणीतरी माणसाची जागा घ्यावी लागते.

९. समारोप

स्टीव्हन्स यांचा एकोणिसावा अध्याय प्रणाली-प्रोग्रामिंगच्या लेखनातील एक उत्कृष्ट नमुना आहे, याबद्दल दुमत होऊ नये. त्यातील प्रत्येक विधान आज्ञावली चालवून पडताळता येते. त्याची मर्यादा विवेचनाच्या दिशेत आहे. तो उपकरण कसे वापरावे हे सांगतो, परंतु ते का लागले या प्रश्नाचे उत्तर विखुरलेल्या उदाहरणांत ठेवतो.

वर्गात या विषयाची सुरुवात ‘पोझिक्स_ओपनपीटी’च्या पायऱ्यांनी न करता गोठलेल्या बेरजेने करणे अधिक श्रेयस्कर ठरेल. विद्यार्थ्याने आधी दोन निर्दोष आज्ञावल्या एकमेकींची वाट पाहताना पाहाव्यात, त्याचे कारण शोधावे, आणि मग वेषांतराच्या उपायापर्यंत यावे. त्यानंतर प्रतिध्वनीची अडचण आपोआप समोर येते आणि पायऱ्यांना अर्थ प्राप्त होतो. या मार्गाने कदाचित एक तासिका अधिक लागेल. परंतु कोणतेही तत्त्व, मग ते युनिक्सचे एकरूपतेचे का असेना, कोठवर लागू पडते आणि कोठे त्याला टेकू द्यावा लागतो, हे विद्यार्थ्याला त्या तासिकेत कळेल. छद्म-टर्मिनल हा असाच एक टेकू आहे. त्याच्या आधाराने चाळीस वर्षांहून अधिक काळ आज्ञावल्या चालत आल्या आहेत, आणि म्हणूनच तो कोणत्या भाराखाली उभा आहे हे शिकवणे आवश्यक आहे.